थर्मासच्या तळाचं टोक

[दृश्य: टेबलावर काचेची बरणी, झाकण उघडं, आत वाफाळतं पेय]

निवेदन :
ही साधी काचेची बरणी. काचेला हात लावला की चटका बसतो, म्हणून वाटतं की उष्णता इथूनच निसटतेय. पण आधी बघायला हवं ते वर, त्या वाफेकडे. शंभर मिलिलिटर पेयातून एक ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम वीस थेंब, वाफ होऊन उडालं तरी उरलेलं पेय सुमारे साडेपाच अंशांनी निवतं. बरणीभोवती काहीही गुंडाळा, तोंड उघडं असेल तर ते वाया. आधी झाकण, मग गुंडाळणं.

[दृश्य: तीच बरणी, आता बर्फाचं पाणी. काचेवर थेंब जमताहेत]

थंड पेयाचा हिशेब नेमका उलटा. बरणीला बाहेरून घाम सुटतो. हवेतली वाफ गार काचेवर येऊन पाणी होते आणि होताना आपली उष्णता काचेला देऊन जाते. असं एक ग्रॅम दव जमलं आणि त्याची सगळी उष्णता आत गेली, तर शंभर मिलिलिटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी तापेल. पाहताना गारवा वाटतो ते हे थेंबच पेय तापवत असतात.

[दृश्य: बरणीवर लोकरीचं विणलेलं कव्हर चढवणारे हात]

लोकर, फेल्ट, जाड कापड. काम करते ती त्यांच्या धाग्यांत अडकलेली हवा. स्थिर हवेपेक्षा काच सुमारे चाळीस पट सहज उष्णता वाहून नेते, म्हणून काचेभोवती हवेचा जाड, न हलणारा थर हवा. कव्हर भिजलं की हवेची जागा पाणी घेतं, आणि मग ते कव्हर असून नसल्यासारखं. ते कोरडं ठेवायचं.

पण ही हवाच काढून टाकली तर?

[दृश्य: दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं, जवळून]

१८९२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी हेच केलं. त्यांना पेय गरम ठेवायचं नव्हतं. ते द्रवरूप वायूंवर काम करत होते. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो. त्याच्या दृष्टीनं आपली नेहमीची खोली म्हणजे भट्टीच. ड्यूअरनी काचेच्या भांड्यात काचेचं भांडं बसवलं आणि मधली हवा उपसून काढली. हवा नाही, म्हणजे तिच्यातून होणारं वहन नाही, आणि हवा फिरून उष्णता नेते ते अभिसरणही नाही. उरलं प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात जाणारी उष्णता. त्याला पोकळीची अडचण नसते. सूर्याची ऊब अशीच पोकळीतून येते. उघडी काच हे प्रारण भरपूर सोडते आणि शोषते, तर चकचकीत चांदी ते जवळजवळ सगळं परतवते. म्हणून काचेच्या आतल्या बाजूंना, पोकळीकडे तोंड करून, चांदीचा पातळ मुलामा.

ड्यूअरनी याचं पेटंट घेतलं नाही. बर्लिनचे काच कारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनी धातूचं संरक्षक कवच असलेल्या घरगुती बाटलीचं पेटंट १९०३ मध्ये मिळवलं. पुढच्याच वर्षी तिला नाव मिळालं : थर्मॉस. उष्णतेसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. आपण त्याचा थर्मास केला.

[दृश्य: थर्मासची सुटी काच उलटी धरलेली. तळाशी छोटं निमुळतं टोक]

मला यातली सर्वांत जपण्यासारखी जागा वाटते ती ही. तळाचं हे टोक. इथून एक बारीक नळी निघत असे. तिच्यातून हवा उपसली, मग ज्योतीवर नळी मऊ करून जागच्या जागी मिटवली. सगळी पोकळी त्या नखाएवढ्या काचेच्या भरवशावर. टोकाला तडा गेला की हवा आत शिरते, आणि त्या थर्मासला मग साध्या बरणीपेक्षा फार अर्थ उरत नाही.

दोन्ही भिंती एकमेकींना भेटतात फक्त गळ्याशी. तेवढ्या कडेतून उष्णता बाहेर सरकत राहते. इथे काच स्टीलपेक्षा सरस. स्टील काचेच्या सुमारे पंधरा पट उष्णता वाहून नेतं. अर्थात स्टील पडलं तर पोचा येतो, काच पडली तर संपली.

[दृश्य: थर्मासमध्ये कोमट पाणी, मग गरम पेय]

गार काचेत एकदम उकळतं ओतू नये. आतला थर आधी फुगतो, बाहेरचा मागे राहतो, त्या ताणानं तडा जातो. आधी कोमट पाणी घालून काच उबवावी, ते ओतून टाकून मग पेय भरावं. बर्फाचे खडे वरून टाकू नयेत. बाटली तिरकी धरून घसरू द्यावेत.

आणि गरम पेय भरल्यावर थोड्या वेळानं बाहेरून हात लावून पाहावा. कवच खोलीइतकंच गार असेल तर पोकळी शाबूत आहे. ते सगळीकडून ऊबदार लागलं, तर ते टोक फुटलंय.