संध्याकाळी सहाची भूक

आज या सभागृहात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली मंडळी आहेत आणि त्यांच्या घरची माणसेही आहेत, म्हणून मी दोघांनाही उद्देशून बोलणार आहे. या शस्त्रक्रियेची चर्चा नेहमी किलोंमध्ये होते. समुपदेशक म्हणून माझ्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न येतो: दिवसभराचा ताण घेऊन माणूस संध्याकाळी घरी येतो आणि त्याचा हात डब्याकडे जातो, त्या घटकेचे काय करायचे?

स्लीव्ह प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने त्याच भागात तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूक जवळजवळ जाणवतच नाही, आणि आपली खाण्याची ओढ कायमची सुटली अशी त्यांची समजूत होते. परंतु साहेबांनी चारचौघांत सुनावल्यावर तर्री पोह्यांच्या ठेल्यावर थांबायचे, घरात वाद झाला की संत्रा बर्फीचे खोके उघडायचे, ही वर्षानुवर्षांची सवय जठरात नव्हतीच. ती मेंदूत होती आणि तिथे कोणी सुरी चालवलेली नाही. त्यातच ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि गोड, तेलकट पदार्थांकडे मन अधिक ओढ घेते.

एका बाईंचे उदाहरण सांगतो. त्या दुपारी वाटीभर वरण आणि थोडे पनीर खाऊन तृप्त असायच्या, आणि तरीही त्यांचे उतरलेले वजन पुन्हा चढू लागले होते. त्यांनी आठवडाभर टिपण ठेवले तेव्हा कारण सापडले. नागपूरच्या सीताबर्डीतल्या गर्दीतून घरी पोचल्यावर चप्पल काढून त्या थेट स्वयंपाकघरात जात आणि ओट्याशी उभ्या राहून, खांद्यावरची पर्स न उतरवता, चिवड्याच्या डब्यातून चिमूट चिमूट उचलत. चिवडा लाळेत विरघळतो आणि लहान झालेल्या जठरातूनही भराभर पुढे सरकतो, त्यामुळे अंडे किंवा चिकन खाल्ल्यावर जसे पोट गच्च होते तसे त्याने होत नाही. बिस्किटे, वेफर्स आणि आइस्क्रीम यांचेही तेच. म्हणजे शस्त्रक्रियेने घातलेला बांध नेमक्या त्याच पदार्थांपुढे निकामी ठरतो, ज्यांच्याकडे आपण दुःखात धाव घेतो.

बायपास, म्हणजे जठर लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांची अडचण आणखी निराळी आहे. साखर एकदम आतड्यात उतरली की काहींना छातीत धडधड, घाम, मळमळ आणि जुलाब सुरू होतात, आणि काहींची रक्तातली साखर एक ते तीन तासांनी इतकी घसरते की हातपाय थरथरतात. पारा 45 अंशांवर गेला की आपल्याकडे रसवंत्या गजबजतात. तिथला ग्लासभर उसाचा रस या मंडळींना थंडावा देण्याऐवजी आडवे करू शकतो. त्यांना एका दमात पाणी पिता येत नाही, म्हणून मे महिन्यात तहानेचा थकवाच पुष्कळदा भूक म्हणून जाणवतो. बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट घोट पाणी घ्यावे, मात्र जेवणासोबत आणि जेवणानंतर अर्धा तास घेऊ नये.

आता उपायांकडे येतो. मनोनिग्रहावर माझा फारसा विश्वास नाही, कारण थकलेल्या माणसाकडे तो संध्याकाळपर्यंत शिल्लक उरत नाही. त्यापेक्षा निर्णय सकाळीच घेऊन ठेवावा. कचेरीतून निघण्यापूर्वी ठरलेल्या वेळी एक अंडे किंवा मुगाचे छोटे धिरडे खाल्ले, तर घरी पोचल्यावर उफाळणारी भूक पोटाची नाही हे ओळखणे सोपे जाते. तरीही शंका वाटली तर स्वतःला विचारावे, ‘आत्ता उकडलेले अंडे चालेल का?’ अंडे नको आणि शेवच हवी असेल, तर ही भूक मनाची आहे, आणि मग दिवसभरात काय झाले ते आठवावे. घरात शिरल्यावर आधी आंघोळ, मग बहिणीला किंवा मैत्रिणीला फोन, असा क्रम त्या बाईंनी लावून घेतला आणि चिवड्याचा डबा वरच्या फळीवर गेला. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर फिरायला जा, हा सल्ला हिवाळ्यात उत्तम आहे. उन्हाळ्यात सहा वाजताही रस्ता तापलेला असतो, म्हणून घरातला पर्याय आधीच ठरलेला हवा.

या सगळ्यात एक शोकही असतो. ज्या पदार्थाने आजवर साथ दिली तो सुटल्याचे दुःख खरे असते, त्याला कोणी हसू नये. घरच्यांना माझी विनंती आहे की ‘माझ्यासाठी एक घास’ हा आग्रह सोडा. आणि ‘एवढे लाखो घालवून पुन्हा खातोस?’ हा टोमणा तर मुळीच मारू नका, कारण त्यामुळे खाणे थांबत नाही, फक्त लपून सुरू होते. ताट पुढे करण्याआधी आज दिवस कसा गेला ते विचारा.

दारूविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. विशेषतः बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि अन्नाचा आधार गेल्यावर काहीजण त्या जागी तिला आणून बसवतात. हा धोका पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी अधिक दिसतो, नेमका तेव्हाच, जेव्हा कौतुक ओसरलेले असते आणि रुग्णाने तपासणीला येणे सोडलेले असते. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर बायपासनंतर त्यांचे शोषण बदलू शकते, म्हणून मन पुन्हा खचू लागले असे वाटल्यास मात्रा स्वतः न बदलता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि आपली कोणती शस्त्रक्रिया झाली आहे ते त्यांना आवर्जून सांगा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.