सारखा न्यूमोनिया होतोय? एकदा बाळाच्या हृदयाकडेही बघा

नमस्कार मंडळी. दीड-दोन महिन्यांचं बाळ अंगावर पितंय. चार घोट घेतले की सोडतं, धापा टाकतं, पुन्हा धरतं. कपाळावर घामाचे थेंब. घरातले म्हणतात, मुंबई आहे, उकडणारच! अहो, पण डोक्यावर पंखा गरगरतोय, मग दूध पितानाच कपाळ का भिजतंय?

त्यात वजन वाढत नाही आणि दर थोड्या दिवसांनी छाती भरते. ॲडमिट, अँटिबायोटिक, घरी, पुन्हा ॲडमिट. अशा बाळाचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

का, ते सांगते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल, म्हणजे व्हीएसडी, तर डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे घुसतं आणि परत फुफ्फुसांत जातं. फुफ्फुसं रक्ताने जड होतात, मग साधी सर्दीही न्यूमोनियावर जाते. जन्मतः फुफ्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्रातून फारसं रक्त जात नाही. काही आठवड्यांत दाब उतरतो आणि त्रास सुरू होतो. म्हणून ‘जन्मल्यावर डॉक्टर नॉर्मल म्हणाले होते’ यावर विसंबू नका. छोटी छिद्रं बऱ्याचदा आपोआप बुजतात, आज त्यांचा विषय नाही.

खरा पेच पुढे आहे. मोठं छिद्र ऑपरेशनने बंद करायचं, तर सर्जन म्हणतात, छातीचं इन्फेक्शन आधी जाऊ दे. त्यात तथ्य आहे. ताज्या इन्फेक्शनमध्ये बाळाला हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनवेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) घेतलं, तर नंतर व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही. म्हणून जमेल तिथे काही आठवडे थांबतात. पण मोठं छिद्र असलेल्या बाळाची छाती कधीकधी मोकळी होतच नाही. पावसात तुंबणाऱ्या हिंदमातासारखं: पाणी उपसायला पंप चालू, आणि वरून पाऊसही चालू! लघवी वाढवणारी औषधं म्हणजे तो पंप. अशा काही बाळांचं ऑपरेशन छाती पूर्ण मोकळी व्हायच्या आधीच करावं लागतं.

‘दहा किलोचं होऊ दे’ म्हणणारे काका-मामा भेटतीलच. छिद्रामुळेच वजन वाढत नाहीये, तर होणार कधी? मोठं छिद्र साधारण पहिल्या वर्षातच बंद करतात. वर्षानुवर्षं ठेवलं, तर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होतात, रक्त उलटं वाहू लागतं, ओठ निळे पडतात. याला आयझेनमेंगर म्हणतात. त्यानंतर छिद्र बुजवणंच जिवावर बेतू शकतं. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: थांबायचं, तर कधीपर्यंत?

[मोबाइलचं स्टॉपवॉच कॅमेऱ्यासमोर]

बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि खर्च? 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकार येतो. परळला केईएम किंवा वाडियाला गेलात, तर पैशांची जमवाजमव करण्याआधी हॉस्पिटलच्याच समाजसेवकांना भेटा. जुने एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्डं सोबत न्या.