घाटाच्या माथ्यावर

(दृश्य: आंबा गावाजवळ रस्त्याकडेची मोकळी जागा. एसयूव्ही, मागे दोन आसांचा ट्रेलर, त्यावर बंद पडलेली जुनी ॲम्बेसेडर.)

कोल्हापूरहून निघालेली ही गाडी आता आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाणार आहे. ट्रेलर ७०० किलोचा, त्यावरची ॲम्बेसेडर साधारण ११५० किलोची. म्हणजे मागे १८५० किलो. माणसं आणि सामान धरून एसयूव्ही सव्वादोन टनांच्या आसपास. घाटात उतरणार आहेत ते हे चार टन, एकत्र.

निघताना सगळे एकच विचारतात, "ओढेल ना?" ओढेल. मधल्या आकाराच्या डिझेल एसयूव्हीत तेवढा जोर असतो. पण इथून साखरप्यापर्यंत उतार आहे. इथे ट्रेलर मागून ढकलणार, आणि त्याला आवरायचं काम एसयूव्हीचं. ते जमणार की नाही, हे बरंचसं इथेच, गाडी उभी असताना ठरतं.

पहिला आधार गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक. ट्रेलर किती वजनाचा चालेल, हा आकडा त्यात पाहायचा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक आकडा, नसतील तर त्याहून बराच कमी, असं बहुतेक पुस्तकांत वेगवेगळं दिलेलं असतं. आपल्याकडच्या काही गाड्यांच्या पुस्तकात हा आकडाच नसतो, काहींत ट्रेलर लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर ॲम्बेसेडर सरळ ट्रकवर चढवावी. दुकानातून हुक आणून बसवला म्हणून गाडीची कुवत वाढत नाही. हुक बसवायचा तोही कंपनीने नेमून दिलेल्या जागी, चासीला किंवा सांगाड्याला बोल्टने. बंपरला अडकवलेला हुक शोभेचा.

(दृश्य: हुकाचा गोळा आणि ट्रेलरचा कपलर, जवळून.)

गोळा ५० मिलिमीटरचा असेल तर कपलरही, म्हणजे गोळ्यावर बसणारी ट्रेलरची पकड, त्याच मापाचा हवा. कुलूप बसल्यावर ट्रेलरचा दांडा जॅकने थोडा वर उचलून पाहावा. एसयूव्हीची मागची बाजू सोबत उचलली गेली, म्हणजे कपलर नीट धरलाय. दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देत अडकवायच्या, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलरला ब्रेक असले तर त्यांची तुटवायर वेगळी जोडायची. ट्रेलर सुटला की ती ओढली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. मागचे दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेट पाहून घ्यायची. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, तिचे कागद सोबत हवेत.

आता जिथे सर्वात जास्त वेळ द्यावा, ती गोष्ट. हुकावर येणारं वजन.

बैलगाडीत मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच होतं. हुकावर भार कमी पडला की वेग वाढताच तो डावीउजवीकडे डोलायला लागतो आणि एसयूव्हीचं बूड सोबत हलवतो. भार फार झाला तर एसयूव्ही मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमजोर पडतात. एवढ्या जड ट्रेलरसाठी सर्वसाधारण हिशेब असा, की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हुकावर यावं. आपल्या ट्रेलरसाठी हे १८५ ते २७५ किलो. पण एसयूव्हीच्या हुकाची स्वतःचीही मर्यादा असते. ती याहून कमी असेल, तर तडजोड शोधू नये. हे ओझं या गाडीचं नव्हे.

शिवाय हुकावरचं वजन एसयूव्हीच्या पोटातल्या वजनात धरावं लागतं. २०० किलो हुकावर, आत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, असं केलं की गाडी आधीच मर्यादेपार जाते. दोघांनी जावं, बाकीच्यांनी एसटीने यावं.

मोजायचं कसं? वखारीत काजूची पोती मोजायचा काटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी ठेवून दांड्याचं टोक हुकाच्या उंचीवर काट्यावर टेकवायचं. आकडा कमी आला तर ॲम्बेसेडर थोडी पुढे, जास्त आला तर थोडी मागे. काही बोटांच्या सरकण्याने आकडा बदलतो. मग चारही चाकं पट्ट्यांनी आवळायची.

(दृश्य: घाटाचं पहिलं वळण. समोरून एसटी चढते आहे.)

समजा ४०० मीटर उंची उतरायची आहे. चार टनांचं वजन तेवढं खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिने ५० लिटर साधं पाणी उकळेल. ही सगळी उष्णता कुठेतरी जाणारच. ती ब्रेकवरच सोपवली तर ब्रेकचं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय पोकळ खाली जातो. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेलं १४० अंशांच्या पुढे कधीही उकळू शकतं. कोकणच्या दमट हवेत ते वेळेवर बदललंच पाहिजे.

म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर. ज्या गिअरवर घाट चढाल, त्याच गिअरवर उतरा, हे जुन्या ट्रकवाल्यांचं शहाणपण आजही खरं आहे. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर घ्यावी. ब्रेक पायाखाली धरून ठेवायचे नाहीत. घट्ट दाबून वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचे. ट्रेलरचे ब्रेक ओव्हररन पद्धतीचे असतील, म्हणजे ट्रेलर ढकलू लागला की लागणारे, तर उतारभर ते थोडे लागलेलेच राहतात आणि आपल्या नकळत तापतात. जळका वास आला की रुंद जागा पाहून थांबायचं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, निवू द्यायचं.

ट्रेलर डोलायला लागलाच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. वेग वाढवून तो सरळ होत नाही. जोरात ब्रेक मारला तर आणखी बिघडतो. ट्रेलरचे ब्रेक वेगळ्या कळीवर असतील तर फक्त तेच हळू लावावेत.

अवघड वळणावर ट्रेलरची चाकं एसयूव्हीपेक्षा आतून जातात, कधी गटारात उतरतात. वळण रुंद घ्यावं लागतं, आणि त्यासाठी समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं. चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. जून ते सप्टेंबर, पाऊस, धुकं, रस्त्यावर आलेली तांबडी माती असताना हा प्रवास करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲम्बेसेडर दिवाळीपर्यंत थांबू शकते.

(दृश्य: साखरपा. गाडी सावलीत उभी.)

खाली आल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन पाहायचा, हात न लावता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल, तर तिथला ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. पुढे किनाऱ्यावर नेऊन ठेवलेल्या ट्रेलरची तर ही तपासणी दर वेळी हवी, कारण खारी हवा ब्रेक आणि दिव्यांच्या जोडण्या आतून खाते. पट्ट्या पुन्हा आवळायच्या, चाकांचे नट पाहायचे. मग पाली, आणि तिथून हातखंब्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्ग. तिथल्या सरळ रस्त्यावरही वेग घाटातल्यासारखाच आवरलेला ठेवायचा. ४० ऐवजी ६० ने गेलं, तर थांबवायला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते.