काकरापारची वीज आणि बडोद्याचे जड पाणी

श्रोतेहो, नमस्कार. अणुवीज म्हटली की आपल्या बोलण्यात तारापूर किंवा जैतापूर येते, पण बडोद्याचाही या उद्योगाशी जुना संबंध आहे. येथील खत कारखान्याला लागूनच अणुऊर्जा विभागाने १९७०च्या दशकात जड पाण्याचा कारखाना उभारला. खतासाठी अमोनिया करताना जो हायड्रोजन लागतो, त्यात ड्यूटेरियम हे त्याचे जड समस्थानिक अत्यल्प प्रमाणात असते; ते वेगळे काढून जड पाणी करायचे, अशी ती योजना होती. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये अणुभट्टीत सहज भंग पावणारा भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे, पण त्यांना फारसे शोषून न घेणारे जड पाणी हाताशी असले, तर एवढ्यावरही भट्टी चालते आणि समृद्ध, म्हणजे हा भाग मुद्दाम वाढवलेल्या, युरेनियमसाठी परदेशाचे तोंड पाहावे लागत नाही. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर बाहेरची मदत आटली, तेव्हा या मार्गाचे मोल कळले.

याच पद्धतीच्या चार भट्ट्या तापी जिल्ह्यात काकरापारला आहेत. दोन जुन्या, प्रत्येकी २२० मेगावॅटच्या. दोन नव्या, प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या. वणाकबोरीच्या औष्णिक केंद्राला कोळसा दूरवरून रेल्वेने आणावा लागतो. काकरापारला मात्र एक किलो युरेनियम कित्येक टन कोळशाचे काम करते, चिमणीतून धूर निघत नाही, राखेचे ढीग साचत नाहीत. शिवाय सूर्य मावळल्यावरही वीज चालू राहते. कच्छच्या सौरऊर्जेचे कौतुक करताना, आणि ते करावेच, ही बाब आपण विसरतो.

उण्या बाजूत लोक प्रथम अपघात मोजतात. ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमाच्या दुर्घटनेला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, काकरापारच्या पहिल्या भट्टीच्या शीतक वाहिनीतून जड पाणी गळू लागले. भट्टी बंद झाली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली आणि भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडले. चेर्नोबिलशी याची तुलना होऊ शकत नाही. तरीही तीन वर्षे ठप्प राहिलेली भट्टी हा लहान तोटा नव्हे.

मला अधिक खटकतो तो विलंब. तिसऱ्या भट्टीचे पहिले काँक्रीट २०१० मध्ये ओतले गेले आणि तिचे व्यापारी उत्पादन २०२३ मध्ये सुरू झाले. एवढ्या काळातील भांडवलाचे व्याज शेवटी विजेच्या दरातच उतरते. कचऱ्याचा प्रश्न तर याहून लांबचा आहे. वापरलेल्या इंधनातील प्लुटोनियमचे अर्धे आयुष्यच, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळच, सुमारे २४,००० वर्षांचे. वापरलेल्या इंधनातून कामाचा भाग वेगळा काढण्याच्या फेरप्रक्रियेनंतर उरलेला प्रखर कचरा आपल्याकडे काचेत बंदिस्त करून ठेवतात, मात्र तो कायमचा पुरण्यासाठी खोल भूगर्भातील जागा भारतात अद्याप तयार नाही.

हे सारे जमेस धरूनही नव्या भट्ट्यांना माझा विरोध नाही. अट एवढीच, की कुंपणाबाहेरील किरणोत्साराची मोजमापे परिसरातील गावांच्या पंचायत कार्यालयांत, लोकांना वाचता येईल अशा गुजराती भाषेत, नियमितपणे लावली जावीत.