पुशरॉडचं माप सगळ्यात शेवटी

(ठाण्यात जुन्या गाड्यांचे मालक आणि गॅरेजमधली मंडळी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, टेबलावर ठेवलेलं हे हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अँबेसिडरचं, १४८९ सीसी इंजिनाचं. शेजारचे आठ पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी खालची हालचाल वर नेणाऱ्या दांड्या, पद्मिनीचे. कुर्ल्याला तयार झालेली पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ मध्ये गेली. पण हौसेनं सांभाळलेल्या पद्मिनी आणि अँबेसिडर आपल्या ठाण्यात अजून आहेत, त्यांची इंजिनं वागळे इस्टेटमध्ये अजून उघडली जातात. इंजिनाचं फुल काम काढलं की बोअर, पिस्टन, बेअरिंग यांच्या एकेका थाऊसाठी (इंचाच्या हजाराव्या भागासाठी) आपण जीव टाकतो आणि पुशरॉड मात्र रॉकेलनं धुऊन होते तसे परत बसवतो. मला हे पटत नाही. पुशरॉडची लांबी ठरवावी लागते, आणि ती बाकी सगळं काम झाल्यावरच ठरवता येते.

असं का, ते बघू. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्याच्यावर टेकलेला टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो. व्हॉल्व्हला दाबणारा, तराजूच्या दांडीसारखा रॉकर वर हेडवर. मधलं अंतर पुशरॉडनं भरायचं. आता हेड फेस करताना, म्हणजे त्याची खालची बाजू सपाट करताना, २० थाऊ उतरवले, तर रॉकर तेवढाच कॅमजवळ आला. जुना पुशरॉड २० थाऊनं लांब ठरला. ब्लॉकची वरची बाजूही ५ थाऊ घेतली तर झाले २५. उलट कॅम ग्राइंड करून आणला आणि त्याच्या बेस सर्कलची, म्हणजे कॅमच्या उंचवट्याशिवायच्या गोल भागाची, त्रिज्या ३० थाऊनं कमी झाली, तर टॅपेट तेवढा खाली बसला आणि पुशरॉड आखूड पडला. दोन्ही कामं एकदम केली तर बेरीज-वजाबाकी होऊन फरक ५ थाऊवर येतो. इथे त्रिज्या धरायची, व्यास नाही. हेड गॅस्केटची जाडी आधीपेक्षा वेगळी असेल तर तीही हिशेबात घ्या, आणि ती दाबून बसल्यानंतरची घ्या.

व्हॉल्व्ह सीट कटिंगकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर बसून बंद होतो ती कड, कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत जातो आणि त्याच्या दांड्याचं टोक तेवढंच वर येतं. रॉकरचा रेशो १.४ धरला (व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या बाजूच्या १.४ पट), तर टोक १४ थाऊ वर आल्यावर पुशरॉडच्या बाजूनं रॉकर १० थाऊ खाली येतो. म्हणजे पुन्हा पुशरॉड लांब.

आता मुख्य मुद्दा. हल्ली आपली तरुण मुलं अमेरिकन व्ही-एट इंजिनांचे व्हिडिओ बघून येतात. शेवरलेच्या १९५५ च्या स्मॉल ब्लॉकमध्ये प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर बसतो. तिथे पुशरॉड लांब केला की रॉकर वर जातो, त्याचा कोन बदलतो. आपल्या अँबेसिडर-पद्मिनीत सगळे रॉकर एका सामाईक दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर असतात. शाफ्टची उंची त्याला धरणारा ठोकळा, म्हणजे पेडेस्टल ठरवतो, पुशरॉड नाही. पुशरॉड लांब-आखूड झाला तर फक्त टॅपेटचा स्क्रू, म्हणजे रॉकरमधला फट सेट करायचा स्क्रू, वर-खाली होतो. म्हणून आपल्याकडे प्रश्न दोन आणि त्यांचा क्रमही ठरलेला: आधी शाफ्टची उंची, मग पुशरॉडची लांबी.

उंची कशी बघायची? व्हॉल्व्हच्या खऱ्या स्प्रिंगा काढून तपासणीपुरत्या हलक्या स्प्रिंगा घाला. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावा. रॉकर बसवा, टॅपेट सेट करा आणि क्रँक हातानं काही फेरे फिरवा. मग रॉकर बाजूला करून टोकाकडे बघा. शाई पुसली गेलेली एक चमकदार पट्टी दिसेल. ती अरुंद हवी आणि मध्याच्या जवळपास हवी. दोन्ही साधत नसेल तर मी अरुंद पट्टी निवडेन. रुंद पट्टी म्हणजे रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबता दाबता बाजूलाही ढकलतोय. त्यानं गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) लंबगोल होतो, तेल खाली उतरतं आणि नवीन काम केलेली गाडी निळा धूर सोडू लागते. मग लोक पिस्टन रिंगांना दोष देतात. पट्टी बिघडलेली असेल तर पेडेस्टलखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, घाला. ज्या पेडेस्टलमधून शाफ्टला तेल जातं, तिथल्या शिमला तेलाचं भोक पाडलंय ना, हे दोनदा बघा.

शिम घातली की पुशरॉड आखूड पडतो, तोही शिमच्या जाडीपेक्षा जास्त. आता लांबीकडे वळा. कमी-जास्त करता येणारा चेकिंग पुशरॉड लावा आणि स्क्रू त्याच्या आट्यांच्या मधल्या भागात येईल अशी लांबी धरा. स्क्रू फार खाली उतरलेला असेल तर तो लोंबतो, लॉकनटला आटे पुरत नाहीत. फार वर गेला तर पुशरॉडच्या कपाची कड रॉकरच्या पोटाला घासते. मोजताना कपाच्या कडेवरून मोजू नका. स्क्रूच्या गोळीच्याच मापाची बेअरिंगची गोळी कपात ठेवा, तिच्यासकट मोजा, मग गोळीचा व्यास वजा करा. टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे असतील आणि स्क्रूच नसेल, तर लांबी थेट प्रीलोड, म्हणजे टॅपेटमधला प्लंजर किती दाबलेला राहतो ते, ठरवते. पुष्कळ इंजिनांत तो २० ते ६० थाऊ असतो. तुमच्या इंजिनाचा मॅन्युअलमध्ये बघा. तिथे लांब पुशरॉड व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

मघाशी एकानं विचारलं, जुना पुशरॉड कापून, वेल्ड करून चालेल का? नाही. पुशरॉडची टोकं कडक केलेली असतात, वेल्डिंगच्या उष्णतेनं ती मऊ पडतात आणि रॉड सरळही राहत नाही. हव्या त्या लांबीची नळी घेऊन तिच्यात कडक टोकं दाबून बसवून घ्या, आठही एकाच मापाचे करा आणि बसवण्याआधी प्रत्येक रॉड काचेवर लोळवून बघा. जो उड्या मारेल, तो बाजूला ठेवा.