खाडीचा ताबा कुणाकडे?

(दृश्य: ओहोटी. नवी मुंबईत ऐरोलीजवळचा ठाणे खाडीचा किनारा.)

पाणी मागे हटलं, चिखल उघडा पडला. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, सळसळत पळतायत. एक कोळी बांधव गुडघाभर चिखलात उतरून चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ चाचपतोय. पलीकडे कांदळवन, त्यामागे इमारती.

तो उभा आहे ती जमीन कुणाची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम २० सांगतं: भरतीरेषेखालचा खाडीचा तळ, नदी-नाले, वाहतं आणि साचलेलं पाणी, यांतलं जे दुसऱ्या कुणाच्या मालकीचं नाही ते राज्य सरकारचं.

मालक ठरला. कारभारी मात्र बदलत राहिले. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको आली, १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला. आणि २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन विभागाच्या ताब्यात द्या.

(दृश्य: नकाशा, मोजणीचे खांब.)

निकाल लागला म्हणजे ताबा मिळाला असं होत नाही. आधी गट नंबर शोधायचे. मग मोजणी, हद्दीचे खांब, ताबा पावती, फेरफार. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर वन विभागाचं नाव चढतं. दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीत हे करायचं म्हणजे कर्मचाऱ्यांची कसोटीच आहे, आणि ती त्यांनी दिली पाहिजे. कागद पक्का नसेल तर डेब्रिजचा, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचा, डंपर अडवायला कुणी पुढे येत नाही.

पण खरा पेच पुढे आहे. जमीन राखीव वन करायची तर भारतीय वन अधिनियम, १९२७ लागतो. कलम ४ खाली सरकार इरादा जाहीर करतं आणि हक्कांच्या चौकशीसाठी अधिकारी नेमतं. कलम ६ खाली तो स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतो: ज्यांचा या जागेवर हक्क असेल त्यांनी दावा करा. मुदत किमान तीन महिने. त्यानंतर कलम ९. ज्या हक्काचा दावाच आला नाही आणि जो अधिकाऱ्याच्या चौकशीतही समोर आला नाही, तो हक्क संपला. पुरेसं कारण दाखवलं तर अंतिम अधिसूचना निघेपर्यंत एक संधी उरते, तेवढीच.

आता विचार करा. पिढ्यान् पिढ्या इथे पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्याला आपला वहिवाटीचा हक्क कागदावर मांडावा लागेल हे कोण सांगणार? सरकारी जाहीरनामा उधाण-भांगाच्या, म्हणजे मोठ्या-छोट्या भरतीच्या, हिशोबाने निघत नाही. कांदळवन वन विभागाकडे जावं असंच आम्हांला मनापासून वाटतं. म्हणूनच ही चौकशी घाईत उरकली जाऊ नये, असंही वाटतं.

(दृश्य: इंग्लंडमधला कालवा, लांबट होड्या.)

सार्वजनिक जलमार्ग नव्या संस्थेकडे देण्याचं मोठं काम इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ साली झालं. १९६३ पासून कालवे सांभाळणाऱ्या ब्रिटिश वॉटरवेजचं काम २ जुलैला कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे गेलं. सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग. त्यासाठी संसदेपुढे खास हस्तांतरण आदेश आला, जुन्या कायद्यांत दुरुस्त्या झाल्या. कालवे विश्वस्त मालमत्ता म्हणून सोपवले गेले. स्कॉटलंडचे कालवे मात्र सरकारी संस्थेकडेच राहिले.

(दृश्य: वाशीचा धारण तलाव, झडपांचं दार.)

आपल्याकडे एकेक तुकडा वेगवेगळ्या हाती जातो. हा धारण तलाव पाहा. भरती चढली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि शहराचं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. बांधला सिडकोने, देखभाल महापालिकेकडे. गाळ साचला, गाळात कांदळवन रुजलं, आणि आता गाळ उपसायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तलाव हातात आला, त्याबरोबर साचलेला प्रश्नही आला.

पाण्यावरून होणाऱ्या वाहतुकीला आणखी एक कायदा आहे. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६. त्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग, वसई खाडी आणि उल्हास नदीसह, राष्ट्रीय जलमार्ग ५३ आहे. केंद्राकडे गेलं ते जलवाहतुकीचं नियमन. मासेमारी राज्याच्या सूचीत आहे, तळाची मालकीही राज्याकडेच. उद्या फेरीबोटीचा मार्ग आणि जाळ्याची जागा एकाच पाण्यात आली, तर एका कार्यालयात जाऊन भागणार नाही.

(दृश्य: दिवाळे गाव, होड्यांची दुरुस्ती.)

कोळ्यांच्या हक्काची वाट बंद झालेली नाही. वनहक्क कायदा, २००६ सामुदायिक हक्कांत पाणवठ्यातले मासे स्पष्टपणे धरतो. बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या वनावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. पुराव्यात जुनी गॅझेटिअर चालतात, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. अडचण एवढीच की हा कायदा ग्रामसभेपासून सुरू होतो, आणि महापालिकेत आलेल्या दिवाळ्यासारख्या गावांच्या ग्रामपंचायती केव्हाच गेल्या.

म्हणून मोजणीच्या वेळीच कोळीवाड्यातली माणसं सोबत हवीत. होड्या लावायची जागा, जाळी सुकवायची जागा, मासेमारीच्या ठिकाणांची कोळ्यांच्या तोंडची नावं, सगळं गट नंबरासमोर त्याच नकाशावर लिहिलं गेलं पाहिजे. ताबा पावतीवर सही होण्याआधी.