उंदराचं वय आणि प्राध्यापकाची मुदत

(चेताऱ्हास आणि वर्तन-आनुवंशिकी या क्षेत्रांतील प्राध्यापक भरतीवर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. समोर विभागप्रमुख आहेत, निवड समित्यांवर बसणारे आहेत आणि लवकरच अर्ज करू पाहणारे पोस्टडॉकही (पीएच.डी.नंतरचे संशोधक) आहेत. तिघांनाही उपयोगी पडेल असं एकच सांगायचं आहे. चेताऱ्हास (चेतापेशी हळूहळू नष्ट होणं) आणि वर्तन-आनुवंशिकी (वर्तनातला जनुकांचा वाटा) या विषयांत नेमणूक फसते तेव्हा दोष बहुधा माणसाच्या कुवतीत नसतो. नेमणूक करणाऱ्यांनी वेळेचा हिशेब मांडलेला नसतो. अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन हे आजार वयाबरोबर उलगडतात. ते अभ्यासायला घेतलेला प्राणीही म्हातारा व्हावा लागतो, आणि त्याचं म्हातारं होणं कोणत्याही निधीने लवकर घडवता येत नाही.

हा हिशेब आधी मांडू. नवा सहायक प्राध्यापक रुजू होतो तेव्हा त्याची उंदरांची लाइन, म्हणजे ठराविक जनुकबदल असलेला उंदरांचा वंश, जुन्या संस्थेत असते. तुमचं प्राणिगृह बाहेरचे उंदीर थेट आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्यासोबत माइट, पिनवर्म, हेलिकोबॅक्टर किंवा नोरोव्हायरस येऊ शकतो. त्यामुळे गोठवलेलं वीर्य मागवायचं, आपल्याकडच्या निरोगी मादीच्या अंडपेशींचं त्याने फलन करायचं आणि भ्रूण सरोगेट मादीत सोडायचे. गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, त्यानंतर पिल्लं दूध सुटेपर्यंत आणखी तीन आठवडे. दोन संस्थांमधला हस्तांतरण करार आणि प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी धरून चार महिने सहज जातात. हाती येतात मोजकी पिल्लं. एक पिढी अडीच ते तीन महिन्यांची, आणि प्रयोगापुरती संख्या व्हायला किमान दोन पिढ्या लागतात. म्हणजे सहा महिने. मग त्यांना १८ महिन्यांचं होऊ द्यायचं. वर्तनचाचण्यांना दोन महिने, मेंदूचे काप, रंगवणं, मोजणी आणि विश्लेषण यांना चार. बेरीज ३४ महिने. पहिला निबंध लिहायला बसायलाच इतका काळ लागतो, आणि यात काहीही बिघडलेलं धरलेलं नाही. अनेक विद्यापीठांत पद कायम करण्याआधीचा मधला आढावा तिसऱ्या वर्षी असतो. म्हणजे उमेदवाराने सगळं नीट करूनही समितीसमोर रिकाम्या हाताने जायचं.

यावर उपाय आहेत, पण ते नेमणुकीच्या आधी योजावे लागतात. सर्वांत परिणामकारक उपाय हाच : लाइन आणण्याचं काम रुजू होण्याच्या तारखेला सुरू करू नका, होकार आल्या दिवशी सुरू करा. होकार आणि रुजू होणं यांत सहा ते बारा महिन्यांचं अंतर असतं. त्या काळात प्राणिगृहाने विभागाच्या खात्यावर लाइन आणून ठेवली, तर नवा प्राध्यापक येतो तेव्हा पिल्लांची दुसरी पिढी तयार असते. यासाठी मंजुरीच्या अर्जावर तात्पुरता जबाबदार प्राध्यापक लागतो. तो विभागातलाच कुणी असावा आणि त्याचं नाव नेमणुकीच्या पत्रव्यवहारातच ठरावं.

दुसरा उपाय म्हणजे वेगवान प्रणालीची जोड. फळमाशीची पिढी २५ अंश सेल्सिअसला दहा दिवसांत तयार होते आणि ती दोन-अडीच महिने जगते. सी. एलेगन्स हा सूत्रकृमी २० अंशांला दोन ते तीन आठवडे जगतो. म्हातारपणाचा प्रश्न तिथे एका हंगामात विचारता येतो. माशीला काचेच्या नळीत तळाशी टिचकी मारून पाडायचं आणि ती दहा सेकंदांत किती वर चढते ते पाहायचं, ही चाचणी स्वस्त आहे आणि शेकडो जनुकांसाठी करता येते. वर्तनाचं आनुवंशिक विच्छेदन याच माशीपासून सुरू झालं. कोनोप्का आणि बेन्झर यांनी १९७१ मध्ये पीरियड या जैविक घड्याळाच्या जनुकाचे उत्परिवर्ती शोधले, आणि त्या धाग्यावर पुढे झालेल्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं.

पण इथे एक इशारा द्यायलाच हवा. घाई झालेली समिती वेगवान मॉडेलचा, म्हणजे आजार लवकर दिसणाऱ्या प्राण्यावर काम करणारा, उमेदवार उचलते आणि समाधान मानते. फाइव्ह-एक्स-एफएडी या अल्झायमरच्या मॉडेल उंदरांत दोन महिन्यांतच अ‍ॅमिलॉइडचे (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे) साठे दिसू लागतात, म्हणून ते लोकप्रिय आहेत. पण त्यांच्यात अल्झायमरमध्ये दिसणारे टाऊ प्रथिनाचे गुंते तयार होत नाहीत, आणि दोन महिन्यांचा उंदीर तरुण असतो. ज्या उमेदवाराचा प्रश्न वयाचा आहे, त्याला मुदतीच्या धाकाने अशा मॉडेलकडे ढकललं, तर तुम्ही त्याला नेमलं आणि त्याचा प्रश्न मात्र नाकारला.

आता पिंजऱ्यांकडे वळू. प्रारंभिक निधीचा अंदाज इथेच हमखास चुकतो. दोन जनुकप्रकार, दोन लिंगं, दोन वयोगट आणि प्रत्येक गटात १२ उंदीर, म्हणजे ९६. म्हातारा गट २४ महिन्यांचा असेल तर वाटेत मृत्यू होणारच. तिथे ४८ हवेत म्हणून ६८ पासून सुरुवात करावी, तरुण गटात चार जास्त धरावेत. झाले १२०. दोन ट्रान्सजीन (बाहेरून घातलेली जनुकं) असलेले उंदीर हवे असतील आणि प्रत्येक पालकाकडे त्यांपैकी एकाचीच एक प्रत असेल, तर दोन्ही जनुकं असलेली पिल्लं चौथा हिस्सा निघतात आणि एकही नसलेली चौथा हिस्सा. तुलनेला एवढीच उपयोगी, उरलेली निम्मी नाहीत. म्हणजे १२० साठी २४० पिल्लं जन्माला घालायची. एका पिंजऱ्यात चार या हिशेबाने प्रयोगाचे ३० पिंजरे, प्रजननाचे १५ ते २०, आणि भांडखोर नर वेगळे ठेवावे लागले की आणखी. हा एका प्रयोगाचा आकडा झाला. अशा तीन-चार प्रयोगांची प्रयोगशाळा २५० ते ३०० पिंजऱ्यांवर जाते. ३०० पिंजरे दोन वर्षं ठेवायचे म्हणजे २,१९,००० पिंजरा-दिवस. प्राणिगृहाचा दैनिक दर याने गुणून पाहा. मग कळतं की निधीचा मोठा भाग सूक्ष्मदर्शकावर न जाता पिंजऱ्यांवर जातो. नियुक्तिपत्रात नुसती रक्कम लिहू नका. किती पिंजरे, किती वर्षं, आणि दर वाढला तर फरक कोण भरणार, हे लिहा.

वर्तनचाचण्यांच्या खोल्यांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण चेताऱ्हास आणि वर्तन-आनुवंशिकी या दोन्ही शाखांच्या माणसांना त्याच खोल्या वापरायच्या असतात. १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोर्टलंड, अल्बनी आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच आठ स्ट्रेनच्या (आनुवंशिक वाणांच्या) उंदरांवर त्याच सहा चाचण्या, उपकरणं आणि वेळापत्रक शक्य तितकं सारखं ठेवून केल्या. तरी काही चाचण्यांत निकाल प्रयोगशाळेनुसार वेगळे आले. २०१४ मध्ये दिसलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या गंधानेही उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. तेव्हा उमेदवाराला इमारत दाखवताना ती खोली दाखवाच. ती पिंजरे धुण्याच्या यंत्राशेजारी नसावी. उंदराला ऐकू येणारा उच्च ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून तो मोजून घ्यावा. शेजारी मोठ्या उंदरांची, म्हणजे रॅटची खोली नसावी, त्यांच्या वासाने माऊस भेदरतो. चाचणीआधी अर्धा ते एक तास प्राणी स्थिरावण्यासाठी बाहेर छोटी खोली हवी, आणि प्रकाशाचं चक्र उलटं करता यायला हवं. या गोष्टी उमेदवार आपणहून विचारत असेल, तर त्याच्या बाजूने मोठी खूण करा.

जाहिरातीचं फार सांगत नाही. 'चेताऱ्हास, वर्तन-आनुवंशिकी, संगणकीय मेंदूविज्ञान किंवा संबंधित क्षेत्र' अशी लांबलचक यादी म्हणजे विभागाने आपसातला वाद न मिटवता तो अर्जदारांवर सोपवला. आवश्यक काय आणि असल्यास उत्तम काय, हे वेगळं लिहा. छाननीचे निकष अर्ज उघडण्यापूर्वी ठरवा आणि प्रत्येक अर्ज किमान दोघांनी स्वतंत्रपणे वाचा. २०१२ च्या एका अभ्यासात विज्ञान शाखांच्या प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या पदासाठी एकच अर्ज दिला होता, काहींना पुरुषाच्या नावाने, काहींना स्त्रीच्या. पुरुषाच्या नावाचा अर्ज अधिक सक्षम ठरला आणि त्याला पगारही जास्त सुचवला गेला. स्त्री प्राध्यापकांनीही तेच केलं. शिफारसपत्रं सगळ्यांकडून मागवू नका, दहा-बारा जणांच्या यादीनंतर मागवा.

निबंधांची संख्या या क्षेत्रात फसवी आहे. वृद्ध प्राण्यांवर काम करणाऱ्याचे पाच वर्षांत दोन निबंध असतील, तर ते कमी नाहीत. त्याच्याकडे पाहताना विचारा : प्रयोगाची नोंदणी आधी केली होती का? गुण देणाऱ्याला जनुकप्रकार माहीत होता का? दोन्ही लिंगांची माहिती वेगळी दिली आहे का? २००६ साली अ‍ॅमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपावर गाजलेला निबंध आकृत्यांतील फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. मधल्या काळात त्यावर किती प्रयोगशाळांची वर्षं गेली असतील! अंतिम यादीतल्या प्रत्येकाला, वगळणी न करता, एका महत्त्वाच्या आकृतीमागची मूळ माहिती दाखवायला सांगा. प्रामाणिक माणसाला त्यात अपमान वाटत नाही, कारण विचारणा सर्वांना सारखीच असते.

भाषणाला तयारी करून सगळेच येतात. खरी पारख स्लाइडशिवाय, फळ्यासमोरच्या चर्चेत होते. तिला ६० ते ९० मिनिटं द्या, आणि पहिली दहा मिनिटं मध्ये बोलू नका. नंतर असे प्रश्न घ्या. 'तुमचा परिणाम दुसऱ्या आनुवंशिक पार्श्वभूमीवर नाहीसा झाला तर?' एसजेएल स्ट्रेनमध्ये दृष्टिपटलाचा ऱ्हास घडवणारं आरडी-१ उत्परिवर्तन असतं, आणि फाइव्ह-एक्स-एफएडी मुळात या स्ट्रेनच्या संकरातून आले. ती पार्श्वभूमी राहिली असेल तर काही उंदीर आंधळे निघतात, पाण्याच्या चक्रव्यूहात, म्हणजे बुडालेली फळी आठवणीने शोधण्याच्या चाचणीत, त्यांना फळी सापडत नाही आणि आपण त्याला स्मृतिभ्रंश म्हणतो. जाणकार उमेदवार सांगेल की तो आरडी-१ ची जनुकतपासणी करतो आणि दिसणाऱ्या फळीची चाचणीही घेतो. दुसरा प्रश्न : 'चाचण्यांचा क्रम कसा लावाल?' कमी ताणाची आधी, जास्त ताणाची शेवटी, म्हणजे मोकळं मैदान आणि वाय-आकाराचा चक्रव्यूह सुरुवातीला, विद्युतधक्क्याची भीतिचाचणी अखेरीस.

माणसांवर वर्तन-आनुवंशिकी करणाऱ्याला वेगळे प्रश्न हवेत. नैराश्याशी जोडलेल्या १८ नावाजलेल्या जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर २०१९ मध्ये तपासणी झाली, आणि त्या गृहीतकांना आधार मिळाला नाही. त्यामुळे एकाच जनुकावर आणि दोन-तीनशे लोकांवर उभा असलेला आराखडा आज स्वीकारू नये. हंटिंग्टनसारख्या एकाच जनुकाच्या आजाराची गोष्ट निराळी. आणि प्रत्येकाकडून 'आनुवंशिकता ०.५' म्हणजे काय, हे पदवीच्या विद्यार्थ्याला समजावतो तसं समजावून घ्या. ते प्रमाण एका लोकसमूहातल्या फरकांबद्दल, त्या परिस्थितीपुरतं असतं. एका माणसाचा निम्मा स्वभाव जनुकांतून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. याच गैरसमजावर सुप्रजननशास्त्राच्या नावाने माणसांवर अन्याय झाले. हे वर्गात स्पष्ट सांगू न शकणाऱ्याला हा विषय शिकवायला नेमू नये, असं माझं ठाम मत आहे.

संयुक्त नेमणुका या क्षेत्रात वारंवार होतात : निम्मं पद वैद्यक महाविद्यालयात, निम्मं जीवशास्त्रात. दोन्ही विभाग मग पूर्ण अध्यापन मागतात, दोन्हीकडच्या बैठका येतात आणि आढाव्याच्या वेळी दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. एक विभाग मुख्य ठरवा, अध्यापनाची बेरीज एका पदाहून जास्त होणार नाही असं लिहा, मतदान कुठे ते लिहा. रुग्ण तपासणारा डॉक्टर असेल, तर संशोधनासाठी राखीव वेळ आठवड्यातल्या ठराविक दिवसांत सांगा. नुसती टक्केवारी दवाखान्याच्या गर्दीत विरून जाते.

नियुक्तिपत्रात मुदतीचं कलम असं असावं : प्राण्यांची लाइन संस्थेत उपलब्ध झाल्याची तारीख नोंदवली जाईल. संस्थेमुळे उशीर झाला किंवा संसर्गामुळे वसाहत नष्ट करावी लागली, तर तेवढे महिने आढाव्याच्या मुदतीत आपोआप वाढतील. त्यासाठी प्राध्यापकाला विनंती करावी लागू नये. तिसऱ्या वर्षीच्या आढाव्यात तयार झालेली वृद्ध उंदरांची वसाहत, आधी नोंदवलेला प्रयोगाचा आराखडा, खुली केलेली माहिती आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञ-परीक्षणाआधी खुला केलेला निबंध) यांना काम म्हणून मोजलं जाईल. बाहेरून मत देणाऱ्या तज्ज्ञांना पाठवायच्या पत्रातही हेच निकष जसेच्या तसे जोडा, नाहीतर ते त्यांच्या सवयीने निबंधच मोजतील.